ई-रीडरचं अपडेट, जाहिराती आणि किमती: आपलं वाचन आपल्या हाती कसं ठेवायचं

गेल्या पावसाळ्यातला गुरुवार. ठाण्याहून वाशी गाडी पकडली, खिडकी मिळाली, ओली छत्री पायाशी ठेवली आणि पिशवीतून ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, काढला. आदल्या रात्री एका कादंबरीचं अकरावं प्रकरण अर्ध्यावर सोडलं होतं. पुढे वाचायला गेले, तर माझं पुस्तकच दिसेना. सहा अनोळखी इंग्रजी मुखपृष्ठं, त्यांच्याखाली आणखी सहा, आणि वर ‘खास तुमच्यासाठी’ अशा अर्थाची ओळ. ऐरोली गेली, रबाळे गेलं, घणसोली आली, तरी मी पडदा दाबतच होते. कोपरखैरणेला बहिणीच्या दारात पोचले, तर ती म्हणाली, “अगं, बरं नाहीये का तुला?” माझा चेहराच तसा झाला होता. रात्री चार्जिंगला लावलेल्या यंत्राने मला न विचारता अपडेट घेतलं होतं.

मी ३४ वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात प्रुफं वाचली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक टाइप डोळ्यांना सोसत नाही, म्हणून अक्षर हवं तेवढं मोठं करता येणारं हे यंत्र मला फार मोलाचं आहे. आम्ही सात-आठ जण शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला भेटतो. त्यातल्या पाच जणांकडे ई-रीडर आहेत आणि त्या आठवड्यात दोघातिघांची माझ्यासारखीच अवस्था झाली होती. एका काकांनी यंत्र कपाटात ठेवून दिलं, ते अजून तिथेच आहे. एका काकूंनी घाबरून जे जे विचारलं जाईल त्याला ‘हो’ दाबलं. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या आमच्या बाईंनी रात्री बसून चार पानी तक्रार लिहिली. माझा भाचेजावई म्हणाला, “मावशी, होईल सवय.” सवय होते, हे खरं. पण ज्या वस्तूचे पैसे मी मोजलेत, तिच्या पहिल्या पानावर काय दिसावं हे दुसऱ्याने ठरवायचं आणि मी फक्त सवय करून घ्यायची, हे मला पटत नाही. म्हणून त्या दिवसापासून जे शिकले, इतरांना करून दिलं, ते इथे लिहिते. यंत्र अॅमेझॉनचं किंडल असो, कोबो असो की आणखी कुठलं, रीत साधारण हीच.

सगळ्यात आधी: रीसेट करू नका

पुस्तकं दिसेनाशी झाली की हात ‘फॅक्टरी रीसेट’कडे, म्हणजे यंत्र पुसून कोरं करण्याकडे, जातो. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी तेच केलं. दुकानातून विकत घेतलेली पुस्तकं खात्यावर होती, ती परत आली. पण मुलाने केबलने घालून दिलेली चाळीसेक पुस्तकं आणि विषयवार लावलेले कप्पे कायमचे गेले. अशी केबलने घातलेली पुस्तकं फक्त त्या यंत्रातच असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुस्तकं बहुतेक वेळा जागेवरच असतात, फक्त त्यांचं दार बदललेलं असतं. ‘लायब्ररी’ शोधा. ती वरच्या किंवा खालच्या पट्टीत असते. मग गाळणी (फिल्टर) बघा: ‘सगळी’ आणि ‘डाउनलोड केलेली’ असे दोन पर्याय असतात. ‘सगळी’ निवडलेलं असेल तर आजवर खात्यात आलेलं सगळं, फुकटच्या नमुन्यांसकट, समोर येतं आणि आपलं चालू पुस्तक त्या गर्दीत बुडतं. ‘डाउनलोड केलेली’ करा आणि क्रम ‘अलीकडची’ लावा. माझं अकरावं प्रकरण तिथेच होतं, त्याच ओळीवर.

यानंतर सेटिंग्जमधल्या एकेका पानावर जा. घाईने नको, प्रूफ वाचतो तसं, ओळीओळीने. काही यंत्रांत शिफारशी किंवा होम स्क्रीनचं दृश्य बंद करायचं बटण प्रगत पर्यायांच्या आत दडवलेलं असतं; काहींत नव्या अपडेटबरोबर ते काढूनच टाकतात. सापडलं तर बंद करा. अक्षराचा आकार, समास, ओळींमधलं अंतर यांचे आपले आकडे एका कागदावर लिहून यंत्राच्या कव्हरच्या आत ठेवा. मी तो कागद घडी घालून आत सरकवलाय. दोनदा उपयोगी पडलाय.

पुढचं अपडेट आपल्या सोयीने घ्या

अपडेट वायफायवरून येतं आणि यंत्र झोपलेलं असताना स्वतःला बदलून घेतं. म्हणून माझं यंत्र एरवी एरोप्लेन मोडवर असतं. एकदा उतरवलेलं पुस्तक वाचायला इंटरनेट लागत नाही, बॅटरीही जास्त पुरते. नवीन पुस्तक घ्यायचं असेल तेव्हा दहा मिनिटं जोडते, पुस्तक उतरवते आणि पुन्हा बंद.

मात्र वर्षानुवर्षं असं ठेवू नका. २०१६ साली जुन्या किंडलवाल्यांना २२ मार्चपर्यंत अपडेट घ्या, नाहीतर दुकानाशी जोडणी तुटेल, असं कळवलं होतं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना फाइल संगणकावर घेऊन केबलने भरावी लागली. माझा नियम असा: नवं अपडेट आल्याचं कळलं की निदान पंधरा दिवस थांबायचं, दुसऱ्यांचे अनुभव ऐकायचे आणि मग एखाद्या रविवारी दुपारी, जागेपणी, स्वतः घ्यायचं. घेण्याआधी पहिल्या पडद्याचा आणि आवृत्तीचा आकडा असलेल्या पानाचा मोबाइलने फोटो काढायचा. अपडेट उलटं फिरवून जुनी आवृत्ती परत आणता येईल, असं सहसा गृहीत धरू नका.

आपल्या फाइली आपल्या घरी

याबाबतीत मी सगळ्यांच्या मागे लागते. २००९च्या जुलैमध्ये अमेरिकेत लोकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं रातोरात काढून घेतली गेली. ज्याने ती विकायला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, त्यामुळे पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पण दुकानदार आपल्या घरात शिरून फडताळातलं पुस्तक उचलू शकतो, हे तेव्हा वाचकांना पहिल्यांदा कळलं. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. पैसे परत दिले, पण विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. आणि २६ फेब्रुवारी २०२५पासून किंडलचं विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात न्यायची सोय काढून टाकली गेली. तुम्ही जे विकत घेता तो वाचायचा परवाना असतो. ग्रंथसंग्रहालयाच्या वर्गणीची पावती आणि घरातलं पुस्तक यांत जो फरक, तोच इथे समजा.

म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि मे महिन्यात, यंत्र केबलने संगणकाला जोडा. केबलकडे लक्ष द्या. स्टेशन रोडवर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी कितीतरी फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात, त्यामुळे संगणकाला यंत्र दिसतच नाही आणि माणूस समजतो की यंत्रच बिघडलं. आमच्या बाईंची एक अख्खी संध्याकाळ यात गेली. यंत्र दिसलं की बाहेरून घातलेली पुस्तकं आणि आपल्या खुणा-टिपणांची फाइल कॉपी करून घ्या. किंडलमध्ये ही फाइल ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. माझ्या तिच्यात सहा वर्षांच्या खुणा आहेत. पुस्तक गेलं तर पुन्हा मिळेल, त्या खुणा मिळणार नाहीत.

संगणकावर पुस्तकं लावून ठेवायला कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. कोविद गोयल या भारतीय माणसाने ते २००६मध्ये सुरू केलं, कारण त्याने घेतलेला सोनीचा ई-रीडर त्याच्या लिनक्स संगणकाशी बोलेना. एका वाचकाच्या अडचणीतून निघालेली ही गोष्ट आज जगभर वापरली जाते, याचं मला फार कौतुक आहे. विकत घेतलेल्या पुस्तकांना कॉपी होऊ नये म्हणून असलेलं डिजिटल कुलूप तोडायच्या फंदात मात्र पडू नका. २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात त्याविरुद्ध कलम आहे. शक्य तिथे मुळातच कुलूप नसलेलं पुस्तक घ्या.

जाहिरातींचं काय करायचं

माझ्या पुतण्याने अमेरिकेहून आणून दिलेलं यंत्र माझ्या जावेकडे आहे. तिकडे काही यंत्रं कमी किमतीत मिळतात आणि त्या बदल्यात लॉक स्क्रीनवर जाहिरात दाखवतात. किंडलमध्ये ही पद्धत २०११पासून आहे. जावेला हे कुणी सांगितलं नव्हतं. ई-शाईच्या पडद्याचं वैशिष्ट्य असं की चित्र बदलायलाच वीज लागते, टिकवायला लागत नाही. पडद्याच्या आत बारीक कोशांत काळे-पांढरे कण असतात. वीज त्यांना एकदा वर-खाली करते आणि मग ते तसेच राहतात. त्यामुळे टीव्ही बंद केला की जाहिरात जाते, तशी ही जात नाही. जावेच्या पलंगाशेजारच्या टेबलावर, समईच्या बाजूला, एका थरारकादंबरीच्या मुखपृष्ठावरचा रक्ताळलेला सुरा रात्रभर दिसत असे. ती यंत्र पालथं घालून झोपायची.

उपाय साधा निघाला. ग्राहक सेवेच्या चॅटवर गेलो, यंत्र कुठून आलं, आता कुठे वापरतो आणि जाहिराती काढायला काय करावं लागेल, हे तीन वाक्यांत विचारलं. वीस मिनिटांत त्यांनी त्या काढल्या. तुमच्याकडे कदाचित पैसे मागतील. मग ते द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पण आधी विचारा. यंत्र नवं घेणार असाल तर खोक्यावर किंवा वर्णनात ‘जाहिरातींसह’ अशा अर्थाचं काही लिहिलंय का, ते पैसे देण्याआधी वाचा.

दुसरी जाहिरात जास्त चिवट असते, ती म्हणजे आपल्याच पुस्तकांच्या रांगेत आपल्या पुस्तकासारखी दिसणारी. वयस्कर माणूस तिच्यावर बोट ठेवतो, दुकानाचं पान उघडतं, आणि एका दाबाने खरेदीची सोय चालू असेल तर पुस्तक विकतही घेतलं जातं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत वेषांतर केलेली जाहिरात हा एक प्रकार आहे. तक्रार करताना हा शब्द वापरा. आणि घरातल्या ज्येष्ठांच्या यंत्रावर खरेदीला पासवर्ड लावून द्या, हे काम आजच करा.

किंमत बघताना

तलावपाळीवर सगळ्यात मोठा आवाज यावर होतो. “कागद नाही, छपाई नाही, मग एवढी किंमत कशाची?” प्रश्न रास्त आहे, पण छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाने याचं उत्तर अर्धंच देऊन चालणार नाही. ई-पुस्तकात कागद, छपाई, बांधणी, गोदाम आणि टेम्पोभाडं वाचतं. लेखकाचं मानधन, संपादन, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि विक्रेत्याचं कमिशन वाचत नाही. जुन्या मराठी पुस्तकांचा आणखी एक खर्च बाहेरच्यांना दिसत नाही. ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवलेली असतात. ती फाइल सरळ युनिकोडमध्ये, म्हणजे आजची यंत्रं वाचतात त्या अक्षरपद्धतीत, ओतली की अक्षरांचा चिवडा होतो, आणि मग कुणीतरी बसून पहिल्यापासून प्रुफं वाचावी लागतात. तेव्हा ई-पुस्तक छापीलपेक्षा चांगलं स्वस्त हवं, हे माझं मत आहे. फुकटासारखं हवं, असं मी म्हणणार नाही.

त्यात कराचाही वाटा आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावर जुलै २०१८पासून ५ टक्के आहे, त्याआधी १८ होता. जे पुस्तक फक्त ई-रूपातच निघालं त्याला ही सवलत लागू नाही, त्यावर १८ टक्केच. नव्या लेखकाने पैशाअभावी फक्त ई-पुस्तक काढलं, तर त्याच्याच वाचकाला जास्त कर पडतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

किंमत ठरवतं कोण, यावरूनही मोठा झगडा होऊन गेलाय. २०१०मध्ये अॅपल आणि पाच मोठे इंग्रजी प्रकाशक यांनी किंमत प्रकाशकाने ठरवायची अशी पद्धत आणली. त्याआधी अॅमेझॉन बरीच नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला विकत होतं. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१२मध्ये खटला भरला आणि २०१३मध्ये न्यायालयाने अॅपलला दोषी धरलं. तेव्हा दुकानावर रागावण्याआधी किंमत प्रकाशकाने ठेवलीय का, ते पाहा. ती पुस्तकाच्या पानावर पुष्कळदा लिहिलेली असते. आपल्याकडची एक गोष्ट लक्षात घ्या. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाला किंडलवर भारतातल्या विक्रीचे ७० टक्के हवे असतील, तर पुस्तक दुसऱ्या कुठल्याही दुकानात ई-रूपात न ठेवण्याच्या योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५ टक्के मिळतात. तुम्हाला हवं ते मराठी ई-पुस्तक एकाच ठिकाणी का सापडतं, याचं कारण पुष्कळदा हे असतं. लेखकाला दोष देऊ नका.

मी खरेदी अशी करते. वहीत पुस्तकाचं नाव, तारीख, छापील किंमत, सवलतीनंतरची छापील किंमत आणि ई-किंमत लिहिते. दर पंधरवड्याला पुन्हा बघते. एका चरित्राची छापील किंमत ३०० होती, ई-पुस्तक २९० आणि दुकानात सवलतीने छापील २४०. तिथे छापीलच घ्यावं, वाचून झाल्यावर बहिणीला देता येतं. ई-पुस्तक ना देता येतं ना विकता येतं. आणि त्याही आधी ग्रंथसंग्रहालयात विचारा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून आहे, आणि मला हवी असलेली निम्मी पुस्तकं तिथेच मिळतात. लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटलेली पुस्तकं तर कुणीही मोफत देऊ शकतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेलं लेखन २०११पासून सगळ्यांचं झालं. अशा जुन्या पुस्तकांसाठी आधी मराठी विकिस्रोत हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय बघा. तिथून ईपब, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळवून घेणारी फाइल, उतरवता येते. पीडीएफ शक्यतो टाळा, सहा इंची पडद्यावर तिची अक्षरं मोठी करायला गेलं की ओळ बाहेर पळते.

विकत घेण्याआधी नमुना उतरवा आणि तीन गोष्टी तपासा. पहिली, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द. त्यातला अर्धा र नीट लागलेला आहे, की ‘दुसर्या’ असा रफार होऊन बसलाय, की मध्येच टिंबांचं वर्तुळ आलंय? दुसरी, ल आणि श यांची वळणं मराठी आहेत की हिंदी. तिसरी, जोडाक्षरं: ‘उद्घाटन’, ‘विद्वत्ता’ पाय मोडून पसरलेत का. पहिल्या दहा पानांत तीन चुका दिसल्या तर पुढच्या दोनशेत किती असतील, हे मी अनुभवाने सांगते. मग कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका. अर्ध्या र-ची आणखी एक भानगड आहे. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दिसतात दोन्ही सारखे. म्हणून पुस्तकात ‘दुसऱ्या’ शोधलं आणि सापडलं नाही, तर तो शब्दाचा पहिला भागच टाकून शोधा. आणि अपडेटनंतर अक्षरं बिघडली तर आधी फॉन्ट बदलून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच सुटतं.

तक्रार अशी लिहा की तिचं काम होईल

आता बाईंची चार पानं. त्यांचा राग शंभर टक्के खरा होता. पण पहिल्या पानभर वाचनसंस्कृतीचा ऱ्हास होता, आणि यंत्राची आवृत्ती कुठेच नव्हती. वाचणाऱ्याने करायचं काय, हे तिसऱ्या पानावर, तेही एका कंसात. आम्ही दोघींनी बसून ती अशी केली:

“माझ्याकडे अमुक मॉडेल आहे, सॉफ्टवेअर आवृत्ती अमुक. ९ तारखेच्या रात्री अपडेट आलं. आधी यंत्र उघडताच मी वाचत असलेली पुस्तकं दिसत. आता शिफारशी दिसतात आणि माझ्या पुस्तकांपर्यंत जायला तीनदा दाबावं लागतं. शिफारशी बंद करण्याची सोय कुठे आहे ते कळवा. नसेल तर द्या. सोबत आधीचा आणि आताचा फोटो.”

एका पत्रात एकच मागणी. बिघडलेल्या अक्षरांच्या पुस्तकाचं पत्र वेगळं लिहिलं. त्यात पान, ओळ, काय छापलंय आणि काय हवं, असा चार रकान्यांचा तक्ता दिला, शुद्धिपत्र करतात तसा, आणि पैसे परत मागितले. चुकून घेतलेलं किंवा सदोष ई-पुस्तक परत करायची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून पुस्तक घेतल्याच्या दिवशीच पहिली वीस पानं वाचा. अक्षरांच्या चुका प्रकाशकालाही कळवा, दुरुस्ती तोच करू शकतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. डिजिटल वस्तूही त्यात येतात. म्हणून चॅटवर भांडत बसू नका, तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता शोधून ईमेल पाठवा आणि क्रमांक जपून ठेवा. महिना उलटला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

बाईंच्या पुस्तकाचे पैसे नवव्या दिवशी परत आले. होम स्क्रीनच्या पत्राची पोच दुसऱ्याच दिवशी मिळाली, उत्तर अजून नाही. महिना पुरा होण्याची तारीख त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली, लाल पेनने लिहून ठेवलीय.